फ्लेक्सवरचे अलंकार

परतूर तालुक्यातल्या आष्टीत काय किंवा आणखी कुठे काय, दहावीची पोरं अलंकार घोकतात ते मार्कांपुरते. लक्षण पाठ, उदाहरण पाठ, पेपर झाला की पाटी कोरी. खरी शिकवणी चौकात, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर चालते, तीही फुकट. ‘मराठवाड्याचा ढाण्या वाघ’ हे रूपक. ‘नेता नव्हे, देवमाणूस’ ही अपन्हुती. ‘साहेबांसारखे साहेबच’ हा अनन्वय. उपमान शोधायची कटकटच नको. खाली टिकलीएवढ्या फोटोंतून हात जोडणाऱ्या शुभेच्छुकांच्या रांगेला मात्र अलंकारशास्त्री मम्मटालाही नाव सुचलं नसतं.

फ्लेक्स लावायचा तो मन वळवायला, आणि त्यासाठी ॲरिस्टॉटलने तीन साधनं सांगितली: बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद. पत फ्लेक्सवाल्याच्या उधारीच्या वहीत सापडते. भावना तर दुखावून घ्यायला सदैव तयार. युक्तिवादाला थोडी जागा ठेवली होती, तिथे गॉगल आला.

कास्तकाराला अलंकारांतली व्याजस्तुती तेवढी पक्की कळते. व्यापारी कापसात हात घालून म्हणतो, “वा दादा, काय पांढराशुभ्र माल! एवढं पाणी पाजलं तर शुभ्र होणारच.”

“बरं, वजनात कटती किती धरतोस ते बोल.”