साडेसाती ते साडेसातशे

२०२५च्या फेब्रुवारीत मूर्तिजापूरची एक बातमी सगळीकडे फिरत होती. लग्न जवळपास ठरलं होतं, पण बैठकीत मुलीच्या मामानं मुलाचा कर्जफेडीचा सिबिल स्कोअर बघायला मागितला आणि लग्न मोडलं. आमच्या घरी ही बातमी मोठ्यानं वाचली गेली. वाचणारी अर्थातच सौ. होती. वाचून झाल्यावर तिनं चष्मा काढला, पुसला आणि म्हणाली, "आमच्या मामाला मेल्याला पत्रिकेपलीकडे काही बघताच येत नव्हतं."

सिबिल ही संस्थाच मुळी २००० साली स्थापन झाली, आपलं लग्न त्याआधीचं, तेव्हा मामांना बोल लावण्यात अर्थ नाही, असं मी तिला समजावलं. पैशाच्या बाबतीत माझं ज्ञान दांडगं आहे. ते वेळेवर येत नाही, एवढंच.

उदाहरणार्थ, दुर्बीण. शनीची कडी स्वतःच्या डोळ्यांनी बघावीत ही माझी फार जुनी इच्छा. पुण्यात आमच्या गॅलरीतून समोरची सोसायटी सोडून काहीही दिसत नाही, हे दुर्बीण घेण्याआधी ध्यानात यायला हवं होतं. शनी दिसला नाही, पण त्याची साडेसाती मात्र क्रेडिट कार्डावरून घरात आली. दुर्बिणीच्या मागोमाग घरातल्या सगळ्यांचे फोन आले, गोव्याची सहल झाली, आणि एके दिवशी कार्डाची बाकी साठ हजारांवर जाऊन बसली.

आता कार्डाच्या बिलावर दोन आकडे असतात. एक पूर्ण रकमेचा आणि दुसरा 'मिनिमम अमाउंट ड्यू'चा. हा दुसरा आकडा बँकेनं माझ्यासारख्या सज्जन ग्राहकाचा मान राखण्यासाठी छापला आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. साठ हजारांवर पाच टक्के म्हणजे तीन हजार. मी दरमहा तीन हजार भरायचो आणि बँकेवर उपकार केल्याच्या चेहऱ्यानं जेवायला बसायचो. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे २,१०० रुपये. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ३७८. माझ्या तीन हजारांतले २,४७८ असे वाटेतच संपत आणि मूळ कर्जातून फिटत ५२२ रुपये. वर पुन्हा बाकी मागे ठेवली की बिनव्याजी मुदत जाते आणि नव्या खरेदीला पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. सुपरमार्केटमधून कार्डावर आणलेल्या कोथिंबिरीच्या जुडीवर व्याज भरलेला आमच्या घराण्यातला मी पहिलाच. आमच्या आजोबांनी सावकाराकडून काढलेलं कर्ज निदान विहिरीसाठी होतं.

मग हप्ते चुकले आणि फोन सुरू झाले. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करू नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यामुळे दिवसभर मी फोनवर दिसणाऱ्या अनोळखी नंबरांकडे बघत गप्प बसायचो आणि सातच्या ठोक्याला मला कंठ फुटायचा. शेजाऱ्यांना वाटायचं, हा माणूस संध्याकाळचं काहीतरी घेतो.

शेवटी एका गोड आवाजाच्या मुलानं फोनवर सुचवलं, "सर, सेटलमेंट करून टाका ना." एकरकमी काही पैसे भरा, उरलेले बँक सोडून देईल. मी जमवाजमव करून पैसे भरले. घासाघीस करून बँकेला नमवलं, या आनंदात सोसायटीत आंबाबर्फी वाटली. लोकांना मुलगा पास झाला असं वाटलं, मी तसंच वाटू दिलं.

त्या बर्फीची खरी किंमत कळली ती काही वर्षांनी स्कूटरसाठी कर्ज मागायला गेलो तेव्हा. खिडकीतल्या मुलीनं माझा रिपोर्ट काढला आणि माझ्याकडे, डॉक्टर एक्स-रे बघून नातेवाइकांकडे बघतात तसं, बघितलं. "काका, इथं 'सेटल्ड' आलंय." मी म्हटलं, "हो तर! मीच सेटल केलं." ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही पूर्ण पैसे दिले नाहीत." रिपोर्टात महिन्या-महिन्याचा रकाना होता आणि प्रत्येक महिन्यात मी किती दिवस उशीर केला ते लिहिलेलं होतं. माझ्या हजेरीचा इतका बारीक हिशेब शाळेतल्या बाईंनीही कधी ठेवला नव्हता. स्कोअर साडेपाचशेच्या आसपास होता. हा स्कोअर तीनशेपासून सुरू होतो आणि नऊशेला संपतो, हे ऐकून मला जरा धीर आला. काहीही न लिहिता तीनशे मार्क देणारी परीक्षा आमच्या वेळी असती, तर मी आज कुठल्या कुठे असतो. पण बँकांना साडेसातशेच्या वरचा माणूस लागतो म्हणे.

या मुलीनंच मला रस्ता दाखवला. बँकेनं सोडून दिलेले पैसे आधी भरून टाका, थकबाकी नसल्याचं पत्र घ्या आणि रिपोर्टात 'सेटल्ड'च्या जागी 'क्लोज्ड' करून घ्या. पोस्टातली मुदत ठेव मोडली आणि ते केलं. म्हणजे घासाघीस करून वाचवलेले पैसे मी स्वतः जाऊन, अर्ज करून, रांगेत उभं राहून परत दिले. रिपोर्टातल्या दुरुस्तीची तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते असा नियम असल्याचं कळल्यावर, बँकेनं निदान वर्षभर झोपा काढाव्यात म्हणून मी देवाला साकडं घातलं. पण नको तेव्हा ही माणसं तत्पर असतात.

दुसरी पायरी होती कार्डाची. ज्याला कुणी कार्ड देत नाही त्याला मुदत ठेवीवर कार्ड मिळतं. मी पंचवीस हजारांची एफडी केली. बँकेनं ती ताबडतोब अडकवून ठेवली आणि मला वीस हजारांच्या मर्यादेचं कार्ड दिलं. म्हणजे आपल्याच गोठ्यातल्या म्हशीचं दूध आपणच उधारीवर घ्यायचं आणि महिनाअखेरीला पैसे चुकते केले की शाबासकी मिळवायची. सौ.ला हे पटवून सांगायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे तुमच्यावर विश्वास नाही म्हणून तुमचेच पैसे तुम्हाला उसने देतात. माझी पद्धत वेगळी काय आहे?"

बँकेतल्या मुलीनं बजावलं होतं की मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत खर्च करा. म्हणजे सहा हजार. मोबाइलचा रिचार्ज, विजेचं बिल, स्कूटर नसल्यामुळे पेट्रोल नाही. सगळं शिस्तीत चाललं होतं. पण दिवाळीत दोन्हीकडची माणसं जेवायला बाहेर गेलो आणि बिल आलं तेव्हा माझा हात खिशाकडे गेला. अंगात वारं आल्यावर हात आपला राहत नाही. अकरा हजार. साडूनं "अहो, राहू द्या" म्हणायला जरा उशीरच केला. मी ते पैसे मुदतीच्या चांगले आठवडाभर आधी भरले, तरी स्कोअर खाली आला.

मी रागानं बँकेत गेलो. मुलगी शांत होती. बिल तयार होतं त्या दिवशीची बाकी पुढे कळवली जाते, तुम्ही नंतर भरलेत ते चांगलंच केलंत, पण त्या दिवशी तुम्ही पंचावन्न टक्के वापरलेला माणूस होतात. "काका, मोठा खर्च झाला की बिल बनायच्या आधीच भरून टाकायचा."

ते मी इतकं मनावर घेतलं की खर्च केल्याबरोबर दुकानाच्या पायरीवर उभं राहून पैसे भरायला लागलो. एकदा पायरीवर भरले, घरी आल्यावर भरलेत की नाही ते आठवेना म्हणून पुन्हा भरले. आता बँकच माझं देणं लागत होती. ते पैसे पुढच्या बिलात वळते होतील, असं मला सांगण्यात आलं. मी म्हटलं, नाही, परत पाहिजेत. आणि मी रोज सकाळी आठनंतर आणि संध्याकाळी सातच्या आत, नियमात बसून, त्यांना फोन करायला सुरुवात केली. "नमस्कार, आमच्या पैशाचं कसं काय?" आयुष्यात इतका आत्मविश्वास मला कधी वाटला नव्हता. मिनिमम भरलेत तरी चालेल, असंही मी एकदा सुचवलं.

पुढे त्या मुलीनं खात्यातून आपोआप पैसे जाण्याची सोय करून दिली. त्या फॉर्मवर पुन्हा तेच दोन पर्याय होते, पूर्ण रक्कम आणि मिनिमम. माझं पेन मिनिममच्या चौकटीवरून जरा सावकाश जात असताना सौ.नं खुर्ची पुढे ओढली. एवढंच.

२०२५ साली कर्जांची माहिती पंधरवड्याला कळवण्याचा नियम आला, म्हणून मीही पंधरवड्याला स्कोअर बघतो. स्वतःचा स्कोअर स्वतः बघितल्यानं तो कमी होत नाही. कमी होतो तो दिसेल त्या कार्डाला अर्ज केल्यानं. हेही मला आधी अर्ज करून झाल्यावर कळलं. सिबिल धरून देशात अशा चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चौघींचं माझ्याबद्दलचं मत वेगवेगळं आहे. ज्या कंपनीचं सगळ्यात चांगलं, तिचाच रिपोर्ट मी पाहुण्यांना दाखवतो.

मागच्या महिन्यात साडेसातशे ओलांडले. सौ. नको नको म्हणत असताना मी तो आकडा फॅमिली ग्रुपवर टाकला. रविवारी धाकटा मेहुणा कराडहून आला. येताना साताऱ्याला थांबून कंदी पेढे घेतलेले. पेढ्यांखाली कर्जाचे कागद.

"दाजी, लई भारी झालं बघा. बँकवाले म्हणतात, चांगल्या स्कोअरचा जामीनदार आणा. मी म्हटलं, आपल्या घरातच हाय की!"

इतक्या वर्षांत मला कुणी जामीन राहायला सांगितलं नव्हतं. माझ्या पडक्या स्कोअरचं हे केवढं मोठं संरक्षण होतं, हे तोवर लक्षातच आलं नाही. जामीन राहिलं की ते कर्ज आपल्याही रिपोर्टात चढतं, त्यानं हप्ता बुडवला की डाग आपल्याला लागतो, हे सगळं मला तोंडपाठ आहे. पण 'चांगल्या स्कोअरचा' हे शब्द ऐकून माझा ऊर भरून आला होता आणि पेनाचं टोपण निघालं होतं.

तेवढ्यात सौ. चहा घेऊन बाहेर आली. कप ठेवले, कागदांवर नजर टाकली आणि भावाला म्हणाली, "अरे, तो आकडा गेल्या पंधरवड्यातला. या पंधरवड्यात पडला ना!"

"किती पडला?"

"तू हप्ते भरशील असं ह्यांना वाटण्याइतका."

मेहुण्यानं चहा घेतला, कागद गोळा केले आणि निघाला. जाताना पेढ्यांचा बॉक्स उचलायला तो विसरला नाही.