बंड्याची झाली का?

मराठी घरात आजारी माणसाला बरं करण्याचे तीन मार्ग आहेत: लंघन, पेज आणि भेटायला येणारे नातेवाईक. सशाला हे तिन्ही वर्ज्य. बंड्याच्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ही बातमी आमच्या मुलुंडच्या घरात येऊन थडकली आणि आईचं चाळीस वर्षांचं वैद्यकशास्त्र एका फोनसरशी निकालात निघालं.

बंड्या ही मादी आहे. विकणाऱ्याने ‘नर आहे, लिहून देतो’ असं सांगितलं होतं. कोवळ्या पिल्लांमध्ये नर-मादी ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही, त्यामुळे लिहून घेतलं असतं तरी उपयोग नव्हता. सत्य बाहेर आलं तोवर मुलीने शाळेत सगळ्यांना नाव सांगून टाकलं होतं. वय वाढलं की मादी सशांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण फार मोठं असतं, म्हणून पिशवी काढून टाकावी असा सल्ला डॉक्टरीणबाईंनी दिला. ‘पिशवी’ हा शब्द कानावर पडताच आईने स्वयंपाकघरातून जाहीर केलं, “मग आज रात्रीपासून तिला पाणीसुद्धा देऊ नका. माझ्या वेळी दिलं नव्हतं.”

खात्री करायला मी फोन लावला. पलीकडून जे आलं त्याला सल्ला म्हणता येणार नाही, तो दम होता. “उपाशी अजिबात ठेवायचं नाही! ससा ओकतच नाही, त्याला तशी सोयच नाही. भूल देताना उलटीची भीती कसली? पण पोट रिकामं राहिलं की आतडं थांबतं, आणि थांबलेलं आतडं पुन्हा चालू करणं हे माझ्या ऑपरेशनपेक्षा अवघड काम आहे.”

सशाचं आतडं म्हणजे मध्य रेल्वे. एक गाडी कुर्ल्याला अडकली की मागे कल्याणपर्यंत सगळं ठप्प. आत सतत चारा येत राहिला तरच पुढचं पुढे सरकतं. दुखणं, भीती, अनोळखी वास, यांपैकी काहीही झालं की ससा खाणं सोडतो; खाणं सुटलं की आतडं मंदावतं, वायू धरतो, त्याने आणखी दुखतं, म्हणून तो आणखी खात नाही. दहा-बारा तास खाणं नाही आणि लेंड्याही नाहीत, तर रात्री दोन वाजता का होईना डॉक्टर गाठायचा. आमच्याकडे बाबांचं तीन-तीन दिवस होत नाही आणि ते शांतपणे शब्दकोडं सोडवत बसतात.

घाटकोपरच्या दवाखान्यातून बंड्या टाके घेऊन परतली ती एका यादीसह. वेदनाशामक मेलॉक्सिकॅम वेळेवर द्यायचं, कारण दुखत असेल तर ती खाणार नाही. दात कराकरा वाजवत कोपऱ्यात गठडी वळून बसली तर दुखतंय असं समजायचं. स्वतः खात नसेल तर गवताची भुकटी पाण्यात कालवून सुई नसलेल्या सिरिंजने भरवायची. ती समोरून नाही, तर बाजूने, पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून. तीही थेंबाथेंबाने, नाहीतर फुप्फुसात जाते. “म्हणजे पेजच की!” आईला जरा धीर आला. तिने तांदूळ धुवायला घेतले. पिष्टमय काही द्यायचं नाही, भात-पोळी-बिस्किट काही नाही, असं बायकोने सांगितल्यावर तांदूळ तसेच भिजत राहिले आणि रात्री आम्ही खिचडी खाल्ली.

मुख्य औषध गवत. सशाच्या आहारात चार हिस्से असतील तर तीन हिस्स्यांहून जास्त वाळलेलं गवतच हवं. आमच्याकडे येतं ते टिमोथी, अमेरिकेतलं. अठराव्या शतकात टिमोथी हॅन्सन नावाच्या माणसाने तिथे त्याचा प्रसार केला, म्हणून हे नाव. बासमतीपेक्षा महाग गवत पुडक्यातून घरी येतं हे बाबांना कधीच पटलेलं नाही. “आरेला १९४९ पासून तबेले आहेत. तिथल्या म्हशी काय टिमोथी खातात?” त्यांनी जाऊन लसूणघासाची पेंडी आणायची तयारीही दाखवली. पण लसूणघासात कॅल्शियम जास्त, मोठ्या सशाला तो रोजचा चालत नाही. मग बाबांनी औषधांचा डबा काढला. या डब्यात १९९८ पासूनच्या अर्ध्या राहिलेल्या पट्ट्या आहेत. त्यातली अमॉक्सिसिलिनची कॅप्सूल त्यांनी टाक्यांसाठी म्हणून पुढे केली. तोंडावाटे दिलेलं हे औषध सशाच्या पोटातले उपयोगी जिवाणू मारून टाकतं आणि त्यात ससाही जाऊ शकतो, असं कळल्यावर त्यांनी डबा बंद केला, पण चेहऱ्यावर ‘मला चालतं’ असा भाव होता.

तिसरा मार्ग, म्हणजे नातेवाईक, अडवणं सर्वांत कठीण. बोरिवलीची मावशी दादरला गाडी बदलून, एका हातात शहाळं आणि दुसऱ्या हातात केळी घेऊन आली. दोन्ही गोड, म्हणजे दोन्ही बाद. “गाजर तरी द्याल ना?” गाजरातही साखर असते, ते क्वचित आणि तुकडाभर. मावशीने मग बंड्याला जवळून पाहण्याची इच्छा व्यक्त केली. अनोळखी आवाजाने ससा घाबरतो, म्हणून तिला बेडरूमच्या दारातून दर्शन देण्यात आलं. तिने लांबूनच हात जोडले.

आणि नेमक्या त्या क्षणी बंड्याने मान खाली घालून स्वतःच्या बुडाला तोंड लावलं आणि काहीतरी मटामटा खाल्लं.

ही रीत आहे. ससा दोन प्रकारचं टाकतो: एक कोरड्या गोळ्या, दुसरा मऊ, चकचकीत घोस. दुसरा थेट मागूनच उचलून गिळतो. त्यात जिवाणूंनी बनवलेली प्रथिनं आणि जीवनसत्त्वं असतात. मोरो नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने १८८२ साली हे नोंदवून ठेवलं. म्हणूनच टाके चाटू नयेत म्हणून कुत्र्याला घालतात ती गळ्याभोवतीची प्लास्टिकची कॉलर सशाला शक्यतो घालत नाहीत, हा प्रसाद तोंडापर्यंत पोचत नाही. मावशीला मी हे सगळं समजावलं. तिने चहा नको म्हणून सांगितलं.

पण ते मऊ घोस आधीचे असावेत. आम्ही वाट पाहत होतो ती कोरड्या गोळ्यांची. धडधाकट ससा दिवसाला २०० ते ३०० टाकतो; आमच्या घरात त्या दिवशी एकीसाठी जागरण. मुलगी टॉर्च घेऊन पिंजऱ्याखाली, बायको हलक्या हाताने पोट चोळतेय, आई देवापाशी. बाजारातून कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला असं सगळं आणून झालं होतं. भाजीवालीने विचारलं, “घरी कार्य आहे का?” मी म्हटलं, “व्हायचंय.”

पहाटे बंड्याने कोथिंबिरीची एक काडी ओढली, दांड्यापासून पानापर्यंत एका दमात आत. थोड्या वेळाने कागदावर टप्प असा आवाज झाला. मग आणखी एक. लहान होत्या, वाकड्या होत्या, पण होत्या. बायकोने फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली एकच शब्द: ‘झाली!’

फोटो उघडायच्या आधीच डोंबिवलीच्या काकांचं उत्तर आलं, ‘अभिनंदन! मुलगा की मुलगी? वजन किती?’

बायकोने खुलासा केला. क्षणभर ग्रुप गप्प झाला. मग काकांनी लिहिलं, ‘नशीबवान आहे. माझा चौथा दिवस.’ मावशीने त्यांना इसबगोल कोमट पाण्यातून घ्यायला सांगितलं. पुण्याच्या आत्याने दुधातून सांगितलं. नाशिकच्या वहिनींनी रात्री भिजवलेल्या मनुकांचा अनुभव तीन परिच्छेदांत मांडला, त्यावर बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा ग्रुपवर आवाजी संदेश पाठवला, तो पावणेतीन मिनिटांचा होता. दुपारपर्यंत एकशे बारा संदेश झाले. बंड्याची चौकशी त्यात पुन्हा कुणी केली नाही.