विमानवाले काका

पाथरीला रेल्वे नाही. गाडी धरायची तर मानवत रोडला जावं लागतं. पण विमानवाल्या काकांना त्याचं दुःख नाही. त्यांचं म्हणणं, ज्या गावात आजोबांच्या काळी विमान होतं त्या गावानं रेल्वेसाठी कशाला रडावं?

पुरावा बैठकीत टांगलेला आहे. पिवळ्या पडलेल्या फोटोत आजोबा पटका बांधून विमानात बसलेत, मागे नऊवारीतली आजी. आजोबांचा हात निरोपासाठी वर. भोवती ढग, एका ढगाला मधोमध घडी पडलेली. विमानाच्या पोटाखालून बाकड्याचे पाय दिसतात.

"चाकं हायेत ती," काका सांगतात. "जुन्या विमानाची अशीच राहायची."

१५ ऑक्टोबर १९३२ला जेआरडी टाटांनी पुस मॉथ विमानातून कराचीहून मुंबईला टपाल आणलं. काकांना ते मान्य आहे. "टाटांनी नुसती पत्रं आणली. आमच्या आजोबांनी आजीला नेलं!" १९४५मध्ये निजाम सरकार आणि टाटांनी मिळून डेक्कन एअरवेज काढली, तीही म्हणे आजोबांचं पाहूनच. १९४८ साली सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रातोरात हैदराबाद संस्थानात शस्त्रं उतरवत होता. त्याला वाट कुणी दाखवली, हे काका सांगत नाहीत. फक्त फोटोकडे बघतात.

एकदा एका मास्तरांनी विचारलं, "काका, दोघं आभाळात, मग फोटो कुणी काढला?"

"दुसऱ्या विमानातून!"

त्या दिवसापासून पाथरीत दोन विमानं झाली.

पूर्वी फोटोवाले रंगवलेला पडदा आणि फळ्यांचं विमान घेऊन जत्रेजत्रेत फिरत. काळ्या कापडात डोकं खुपसून "हलू नका" म्हणत. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. काकू तर चहा देता देता सांगतात, "आजेसासूबाई बांगड्या भरायला गेल्या व्हत्या जत्रंत. तवाचा हाय त्यो." काका म्हणतात, "बायकांना विमानातलं काय कळतंय?" आजी विमानात होती, हे त्या वेळी त्यांच्या ध्यानात राहत नाही.

पुढे मुलानं हौसेनं पुण्याहून खऱ्या विमानाचं तिकीट काढलं. काका गेले नाहीत. "खिडकी उघडत नाही म्हणं. मग हात कुठून काढावं?"

तेव्हा वाचकहो, घरातल्या जुन्या फोटोंच्या मागे नाव, गाव, साल आजच लिहून ठेवा. तुम्ही लिहिलं नाही, तर तुमच्या घरातले काका तोंडी सांगतील.