मोबाईल-विद्यार्थी भाऊ

सिंधुदुर्गनगरीच्या प्रत्येक कचेरीत असा एक भाऊ असतोच. बिऱ्हाड कुडाळला, टेबल ओरोसला आणि शिक्षण एसटीत. मोबाईल-शिक्षण म्हणजे हवं तेव्हा, हवं तिथे शिकणं, अशी जाणकारांची व्याख्या. भाऊ ती अक्षरशः पाळतात. कुडाळ सुटलं की कानात हेडफोन. पणदूर तिठ्यापर्यंत जर्मन, पुढे ओरोसपर्यंत शेअर बाजार, आणि दोन्ही दुप्पट वेगाने.

"भाऊ, जर्मन खंयपर्यंत इलां?"

"पयलो धडो झालो. पण तितक्यात खाली कोंबड्यांचो व्हिडिओ इलो मां!"

त्या एका व्हिडिओने घात केला. मोबाईल मालकाची आवड ओळखून व्हिडिओ वाढतो. तेव्हापासून भाऊंचा मोबाईल त्यांना कुक्कुटपालनाखेरीज काही शिकवायला राजी नाही. घरी कोंबडी एक नाही. पण गावठी आणि गिरिराजामधला फरक विचारा, साहेबांची फाईल बाजूला सारून सांगतील.

सरकारी ऑनलाइन प्रशिक्षण आलं की व्हिडिओ सुरू करून मोबाईल टेबलाच्या खणात. वर जेवणाचा डबा, आत व्याख्यान. प्रमाणपत्र मात्र वेळेवर येतं, आणि ते स्टेटसला लागतं. सरकारच्या 'स्वयम्' या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पोर्टलवरही नाव घातलेलं आहे. विषय कोणता ते आठवत नाही, पासवर्डही नाही.

2020च्या टाळेबंदीत कणकवली तालुक्यातली पशुवैद्यकशास्त्राची एक विद्यार्थिनी रेंजसाठी डोंगरावर झोपडी घालून शिकत होती. ही हकिकत भाऊ फार गहिवरून सांगतात. कोणी ऐकत असेल तर तिचा व्हिडिओही शोधायला घेतात, आणि पुन्हा कोंबड्यांत अडकतात.

घरी सातवीतली लेक वाट बघत असते. 'बालभारती'च्या धड्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की 2017 साली आलेल्या 'दीक्षा' ॲपवर त्या धड्याचे व्हिडिओ उघडतात, हे तिला बाईंनी शिकवलंय. पण रात्री जेवणं उरकल्यावर मोबाईल तिच्या हाती येतो तो चार टक्के बॅटरी आणि संपलेला डेटा घेऊन.

"बाबानू, माझो अभ्यास?"

"अगो, पुस्तक आसा मां! आमच्या वेळेक मोबाईल होते खंय?"

सातवीचं पुस्तक सरकारने फुकट दिलंय, त्यावरचा कोड फुकट, 'दीक्षा'ही फुकट. मोबाईल तेवढा भाऊंचा.