मूठवाले काका

मूठवाल्या काकांशी हात मिळवणं सोपं, सोडवून घेणं कठीण. तुम्ही सौजन्याने हात पुढे करता. ते तो दोन्ही हातांत घेतात, उलटा करतात, अंगठा मागे वाकवून बघतात, तळव्याची गादी चेपतात. हात बघतायत म्हणजे ज्योतिष जाणत असणार, अशा समजुतीने तुम्ही हळूच विचारता, "परदेशयोग आहे का हो?" उत्तर येतं, "तळवा ८२ मिलिमीटर. करंगळी आखूड. पिस्तूल चालवता?" नाही म्हणालात की हात तत्काळ परत मिळतो आणि काकांचा तुमच्यातला रस संपतो.

तुर्भे, रबाळे, महापे या पट्ट्यातल्या कारखान्यांत हयात घालवून निवृत्त झालेली एक पिढी नव्या मुंबईत आहे. नोकरी संपल्याचं यांच्या हातांना कुणी कळवलेलंच नाही. कुणी सोसायटीच्या पंपाच्या मागे लागतो, कुणी नातवाच्या सायकलच्या. आमचे काका पॅटर्नमेकर. फाउंड्रीत एखादा भाग ओतायचा, तर आधी तो सागवानात हुबेहूब करून देणारा माणूस. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवावा लागतो. बिडाला साधारण शेकडा एक, पोलादाला शेकडा दोन. त्यासाठी पॅटर्नशॉपात वेगळी पट्टीच असते, तिच्यावरचा सेंटिमीटर मुळात जरा लांब असतो. निवृत्त होताना काकांनी बिडाची पट्टी घरी आणली. घरातले सगळे पडदे बोटभर आखूड आहेत ते त्यामुळे.

२०२४ साली पॅरिसला मनू भाकरने एअर पिस्तूलमध्ये ब्राँझ घेतलं आणि काकांची नात म्हणाली, "आजोबा, मलाही." पनवेलला सुमा शिरूर यांनी क्लब काढल्यापासून नेमबाजी आपल्या लोकांना परकी राहिलेली नाही, त्यामुळे घरातून विरोध झाला नाही. विरोध झाला तो किमतीला. सामन्याचं चांगलं परदेशी पिस्तूल लाखाच्या वर जातं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती काकांनी तेव्हा पहिल्यांदा उघडी बघितली. अक्रोडाची होती, देखणी होती, आणि माप लिहिलं होतं 'मीडियम'.

"मीडियम?" काका म्हणाले. "हात म्हणजे काय बनियन आहे?"

तिथून सुरू झालं. नातीची मूठ झाली, मग तिच्या मैत्रिणीची, मग रेंजवर येणाऱ्या प्रत्येक पोराची. पैसे घेत नाहीत. त्यामुळे तारीख विचारायची सोय नाही.

पोरं शनिवारी येतात. काका काकूंच्या कुंकवातलं चिमूटभर तेलात कालवतात, पोराच्या तळव्याला फासतात आणि अर्धवट कोरलेली मूठ हातात देतात. "धर. नेम धर. सोड." लाकडावर जिथे लाल ठिपका उमटतो तिथे उंचवटा. तेवढाच कानशीने उतरवायचा, की पुन्हा कुंकू, पुन्हा "धर". फिटर लोक निळा रंग लावून हेच करतात, पण निळ्यात काकांना मजा वाटत नाही. दोन तासांनी पोरगं घरी जातं तेव्हा आई दारात किंचाळते. शेवटी टोच्याने बारीक दाणे पाडायचे, म्हणजे घामाने हात सटकत नाही. याला काका टाकी लावणं म्हणतात. मग जवसाचं तेल, मग पुन्हा घासपेपर, मग "जरा राहू दे, पुढच्या शनिवारी बघू."

नियम मात्र त्यांना तोंडपाठ. पिस्तूल दीड किलोच्या आत. चाप किमान ५०० ग्रॅमचा. सगळं धूड ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे. मुठीने हाताच्या पलीकडे कसलाही आधार द्यायचा नाही, मनगट मोकळं दिसलं पाहिजे. यातल्या ५०शी काकांचं खास वैर आहे. तळव्याखाली आडवी येणारी कड जितकी रुंद तितका हात निवांत टेकतो, आणि नेमकी तिथेच पेटी आडवी येते. "अर्धा मिलिमीटर जास्त झाला तर काय ऑलिंपिक बुडतं?" असं ते वैतागून म्हणतात आणि पाव मिलिमीटर घासतात.

नेमबाजांचीही त्यांनी आपली प्रतवारी लावली आहे. २०१८च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलचं सोनं आणणाऱ्या राही सरनोबतचं नाव निघालं की खुर्चीत सरळ होऊन बसतात. पॅरिसला ब्राँझ घेणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूरकडचाच, त्याचं कौतुक आहे, पण आवरतं. "रायफल," एवढंच म्हणतात. "दोन हात लागतात." डावखुरं पोर आलं की हंगेरीच्या कारोली टाकाचची गोष्ट ठरलेली: १९३८ साली ग्रेनेड फुटून उजवा हात कामातून गेला, गडी डाव्या हाताने शिकला आणि १९४८ आणि १९५२ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णं घेऊन गेला. गोष्ट छान आहे. ती सांगताना काका उजव्या मुठीचाच ठोकळा कोरायला घेतात, हे पोराच्या आईला सांगावं लागतं.

लाकूड हा स्वतंत्र विषय. एपीएमसीत आंब्याच्या पेट्यांचे ढीग पडलेले असतात, पण त्या लाकडाला काका हात लावत नाहीत. आयकिया २०२०च्या डिसेंबरात तुर्भ्यात उघडलं. तिथे काका एकदा गेले, खुर्च्यांचे हात दाबत हिंडले आणि फुकटची पेन्सिल आणि कागदी टेप घेऊन बाहेर आले. घरी येऊन टेप आपल्या पट्टीशी ताडून बघितली. शेकडा एकाने कमी भरते, असं ते अजून सांगतात. त्यांना हवं असतं जुनं, मुरलेलं शिसव, आणि ते असतं दुसऱ्यांच्या घरी. गावाला गणपतीला गेले की थोरले भाऊ पुढचे दहा दिवस आजीच्या शिसवी पलंगाजवळ झोपतात. तरी गेल्या खेपेला पलंगाच्या एका पायाखाली वीट आली ती आलीच.

धोका फक्त लोकलमध्ये. ट्रान्स-हार्बरच्या डब्यात काकांचा फोन वाजतो आणि ते मशीन शॉपमध्ये लागलेल्या सवयीच्या आवाजात बोलतात: "हो, पिस्तूल आहे माझ्याकडेच... नाही, आज नको, रविवारी घेऊन जा... घोडा ५०० ग्रॅमलाच ठेवलाय... अहो, बारा वर्षांचा असला म्हणून काय झालं, हात तयार आहे त्याचा!" कोपरखैरण्यापर्यंत दोन्ही बाजूंच्या सीटा रिकाम्या होतात. काकांना वाटतं, वयाचा मान ठेवणारी माणसं अजून आहेत.

त्यांच्या धंद्यातली खरी अडचण वेगळीच, आणि ती त्यांना उशिरा उमगली. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी आकसण्याचा हिशेब केला. पण तेरा वर्षांच्या पोराचा हात आकसत नाही. मूठ दिवाळीला मागितलेली, काकांनी मनासारखी केली पाडव्याला, म्हणजे गुढीपाडव्याला. तोवर पोराच्या ओठावर लव आली आणि तळवा मुठीबाहेर गेला. काका दोन दिवस गप्प होते. मग त्यांनी वाढीची पट्टी करायला घेतली. पोराचं वय, बापाचा तळवा, आईची बोटं, असं कोष्टक मांडलंय. आता ऑर्डर देणाऱ्याला आईबापांना घेऊन यावं लागतं, आणि काका तिघांचेही हात चेपून बघतात. लग्नाच्या बैठकीलासुद्धा एवढी चौकशी होत नाही. हा खटाटोप टाळायला एका पोराचा बाप थ्री-डी प्रिंटरवर छापलेली प्लास्टिकची मूठ रेंजवर दाखवायला घेऊन आला होता. काकांनी ती हातात घेतली, वास घेतला आणि परत दिली.

या सगळ्यात काकूंच्या कुकरची मूठ दोन वर्षं तुटलेली होती. फडक्याने धरून झालं, सांडशीने धरून झालं, शेवटी त्यांनी कुंकवाचा करंडा कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. चौथ्या दिवशी काका मूठ करायला बसले. आणि केली. शिसवी, तेल दिलेली, अंगठ्याला टेकू, चार बोटांना चार खाचा, तळव्याखाली कड. काकूंनी कुकर उचलला आणि कबूल केलं की इतका हलका तो कधी लागला नव्हता.

मग सुनेने उचलून बघितला, तिच्या हातात बसेना. मुलाच्या बसेना. काकांच्या स्वतःच्या तर अजिबात बसेना. कुकर आता या घरात एकच माणूस उतरवू शकतो, हे सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं. काकूंनी कुकर खाली ठेवला, काकांचा उजवा हात धरला, उलटा केला, तळव्याची गादी चेपली.

"अहो, दुसरी या मापाची करा."

ती अजून घासायची आहे.