मुदतवाढीचं तंत्रज्ञान

नेर-परसोपंतच्या कुठल्याही सेवा केंद्रात जा, एक वाक्य हमखास कानावर पडतं : "थांबा भाऊ, सर्व्हर डाऊन हाये." ऐकणारा आता चिडतसुद्धा नाही. आधार कार्ड पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत घालतो आणि टपरीवर अर्धा चहा सांगतो.

क्लाऊड होस्टिंगचा फायदा नेमका इथे आहे. स्वतःचा सर्व्हर विकत घेतला की तो तेवढाच राहतो. पाचशे जणांच्या बेताने घेतला आणि पाच हजार आले की मान टाकतो. क्लाऊडवर यंत्रं भाड्याची. गर्दी झाली, वाढवा. ओसरली, सोडून द्या. वापराल तेवढं बिल. पेरणीपुरते जास्तीचे मजूर लावणाऱ्या गावाला हे गणित शिकवायची गरज नाही.

सरकारचा हिशेब निराळा. ते मजूर वाढवत नाही, पेरणीच पुढे ढकलतं. २०१७ ची कर्जमाफी आठवा. दीड लाखापर्यंतचं कर्ज माफ, पण अर्ज ऑनलाइन. नवरा-बायको दोघांचेही आधार हवेत. केंद्रांपुढे रांगा लागल्या, सर्व्हर दमला, आणि वाढली ती तारीख. मायक्रोसॉफ्टची क्लाऊड केंद्रं २०१५ पासून पुण्या-मुंबईत होती, ॲमेझॉनचं २०१६ पासून मुंबईत. भाड्याची यंत्रं राज्यातच उभी होती. राज्याचं क्लाऊड धोरण जाहीर झालं जानेवारी २०१८ मध्ये, रांगेतली माणसं घरी गेल्यावर.

मग १५ ऑगस्ट २०२१ ला ई-पीक पाहणी आली. बांधावर उभं राहून कपाशीचा फोटो काढायचा नि ॲपवर चढवायचा. फोटो निघाला, चढेना. स्क्रीनवरचं चाक फिरत राहिलं. इलाज? मुदतवाढ! त्याच वर्षी १७ सप्टेंबरला मात्र क्लाऊडवरच्या कोविन या लसीकरण पोर्टलने एका दिवसात अडीच कोटी लसींची नोंद घेतली. म्हणजे मनात आणलं की जमतं. त्या दिवशी पंतप्रधानांचा वाढदिवस होता, आणि वाढदिवसाला मुदतवाढ देता येत नाही.

आता आपले दुकानदार. कृषी केंद्राचा सगळा हिशेब एका संगणकात, आणि त्याचा बॅकअप पेनड्राइव्हमध्ये. पेनड्राइव्ह कुठे? त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, उदबत्तीच्या पुड्याशेजारी. आग लागली तर दोघं जोडीनेच जाणार. क्लाऊडवर ठेवा म्हटलं की मालक विचारतो, "आपला हिशेब दुसऱ्याच्या घरी कायले?" विचारणाऱ्याच्या नातवाच्या बारशाचे फोटो मात्र केव्हाचे गूगलच्या घरी मुक्कामाला आहेत.

त्याची एक शंका रास्त आहे : नेट गेलं तर? नेट गेलं की क्लाऊडवरचा हिशेबही समोर येत नाही, आणि भाडं मात्र महिन्याला भरावंच लागतं. म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम जवळ ठेवावं आणि पासवर्ड कॅलेंडरवर लिहू नये.

तरीही दुकानदार आज ना उद्या तिकडे वळेलच. भर पेरणीत "उद्या या" म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात बियाणं घेतं. सेवा केंद्रातल्या माणसाने कुठे जावं? सरकारच्या शेजारी दुसरं सरकार नसतं.