पंखा एकवर

डिसेंबर लागला की हवामान खात्याचा थंडीच्या मोसमाचा अंदाज येतो. डिसेंबर ते फेब्रुवारी देशात कुठे गारठा सरासरीपेक्षा जास्त, कुठे कमी, याचा रंगीत नकाशा पेपरात छापून येतो. त्यात हिमालयाचा पट्टा कुठल्या रंगात आहे, हे शिमल्याच्या हॉटेलवाल्याइतकंच गिरगावातला माणूसही निरखून पाहतो. त्याचं तिकडे काही अडलेलं नसतं. पण मुंबईची थंडी मुंबईत पिकत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. भूमध्य समुद्राकडून पश्चिमी झंझावात येणार, काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकून पुढे सरकणार, मग त्याच्या मागून उत्तरेचे कोरडे वारे खाली उतरणार, तेव्हा कुठे लालबागच्या चाळीत कुणीतरी पंखा तीनवरून एकवर आणणार. माहेरून निघालेल्या शिदोरीसारखं आहे हे. वाटेत नाशिककर आणि पुणेकर किती काढून घेतील, सांगवत नाही.

पुणेकरांचा यात जुना हात आहे. हवामान खात्याचं मुख्यालय कलकत्त्याहून १९०५ मध्ये शिमल्याला गेलं आणि १९२८ मध्ये पुण्यात आलं. ज्या इमारतीत ते आलं तिचं नाव आजही ‘शिमला ऑफिस’. म्हणजे शिवाजीनगरात उभं राहून शिमल्याचा पत्ता सांगायची सोय! मुंबईकराने यावर काय बोलावं?

बोलायला मात्र त्याच्याकडे खात्याचाच एक नियम आहे. थंडीची लाट जाहीर करायची तर डोंगराळ भागात पारा शून्याला टेकावा लागतो, मैदानात दहाला. किनाऱ्यावर पंधरा अंश पुरतात, फक्त ते नेहमीच्या सरासरीहून साडेचार अंशांनी तरी कमी हवेत. सरकारी कागदावर इतका समंजसपणा फार कमी वेळा पाहायला मिळतो. पंधरा अंशांत शिमल्याचा माणूस शर्टाच्या बाह्या दुमडतो. आम्ही कानटोपी काढतो, आणि तीही नियमात बसते.

आता पंधरा कुणाचे, हा वाद. मुंबईला वेधशाळा दोन. कुलाब्याची १८२६ सालची, समुद्राने तिन्ही बाजूंनी उबवलेली. सांताक्रूझची उपनगरातली, त्यामुळे जरा जास्त गार. २२ जानेवारी १९६२ला सांताक्रूझला ७.४ अंश नोंदले गेले आणि कुलाब्याला ११.७. एकच शहर, एकच पहाट, आणि चार अंशांहून जास्त फरक. पेपरवाले मथळ्यासाठी सांताक्रूझच उचलतात, कारण कुलाब्याच्या आकड्यावर ‘मुंबईकरांना हुडहुडी’ असं छापायला हात धजत नाही. मधल्या दादरकराची चंगळ. सकाळी शिवाजी पार्कला मफलर गुंडाळून फेऱ्या मारताना तो सांताक्रूझचा असतो आणि दुपारी घाम पुसताना कुलाब्याचा.

“काय नाना, आज गारवा आहे!”

“सतरा होतं म्हणे.”

“कुठलं सतरा?”

यावर नाना नुसता चहा ढवळतात.

डोंगराच्या नावावर आम्हाला महाबळेश्वर. दरवर्षी एका सकाळी पहिल्या पानावर फोटो येतो: वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरे कण. तो पाहून परळमधली माणसं आपले हात चोळतात. गंमत अशी, की महाबळेश्वरच्या वेधशाळेचा आकडा त्याच दिवशी पुण्या-नाशिकहून चढा असू शकतो. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली घरंगळते आणि तलावाच्या खोलगट जागी साचते. वरच्या पठारावर त्या मानाने ऊब राहते. खरी थंडी निफाडला. तिथे द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून बागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो. त्याचा अंदाज चुकला तर वर्ष जातं. आमचा चुकला तर डिंकाचे लाडू जरा गरम पडतात, एवढंच.

परळला या दिवसांत तिबेटी विक्रेत्यांचे स्वेटर लागतात. बर्फाच्या मुलखातली ही माणसं अर्ध्या बाह्यांच्या शर्टात बसून, घामेजलेल्या मुंबईकराला लोकरीची ऊब समजावून देतात. गिऱ्हाईक मनालीच्या टूरचं नाव सांगून घासाघीस करतं. आठ दिवस मनालीत वापरलेला तो स्वेटर पुढली दहा वर्षं ट्रंकेत राहतो. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, मग वीस दिवस चिल्लई खुर्द, शेवटी दहा दिवस चिल्लई बच्चा. आमचा सगळा हिवाळा धरून त्या बच्च्याची बरोबरी झाली तरी पुष्कळ. म्हणून मथळा आला की त्याच सकाळी ट्रंक उघडते. लोकलच्या डब्यात थंडी आधी नाकाला कळते, डांबरगोळ्यांच्या वासाने.

पण हिवाळ्यात जमिनीवरचे पूर्वेचे वारे जोर धरतात आणि समुद्राकडची झुळूक उशिरा आत शिरते. तोवर पारा तेहतीस-चौतीसला गेलेला. सकाळी सतरा अंशांत अंगात घातलेला स्वेटर दुपारी खुर्चीच्या पाठीवर आणि संध्याकाळी गाडीतल्या रॅकवर जातो. दादरला उतरायच्या धक्काबुक्कीत वर बघायला कुणाला सवड? घरी बायको विचारते, “स्वेटर कुठाय?” तो एव्हाना विरारच्या वाटेवर असतो. तिकडे गारठाही जास्त.